क्विल्टच्या नागमोडी किनारीची आखणी: माझा अनुभव

क्विल्टचा, म्हणजे कापडाचे तुकडे जोडून केलेल्या गोधडीचा, मधला भाग शिवून झाला तेव्हा तो ६० इंच रुंद आणि ७२ इंच लांब भरला. त्याच्या चारही बाजूंना ६ इंच रुंदीची किनार लावायची, तिच्यात आतून फिकट आणि बाहेरून गडद रंग ठेवायचा, आणि दोन रंगांमधली शिवण लाटेसारखी वळत चारही कोपऱ्यांतून कुठेही न तुटता फिरवायची, असे मी ठरवले होते. सरळ पट्ट्यांच्या किनारी मी आजवर पुष्कळ लावल्या आहेत आणि त्यांत पट्टीची लांबी बरोबर मोजली की काम संपते. वक्र किनारीतही तेवढेच असेल, फरक पडलाच तर शिवताना पडेल, आखणी सॉफ्टवेअर करून देईल, या समजुतीने मी संगणकासमोर बसले. प्रत्यक्षात शिवण्यापेक्षा आखण्यालाच जास्त दिवस लागले.

क्विल्टच्या आरेखनासाठी मी जे सॉफ्टवेअर वापरते त्यात दोन प्रकारचे फलक आहेत. एकावर तुकडे एकमेकांना जोडून होणारे चौकोन, म्हणजे ब्लॉक, आखतात, तर दुसऱ्यावर कापडावर बसवायचे, म्हणजे ॲप्लिकचे, मोकळे आकार काढतात. मोकळा हात मिळतो म्हणून मी दुसरा फलक निवडला आणि माउसने बाजूच्या पूर्ण लांबीची लाट एका दमात ओढली. पडद्यावर ती सुरेख दिसत होती. पण कापायचे साचे मागितल्यावर खरी गोष्ट उघडी पडली: चारही बाजूंवर मिळून २२ कमानी, म्हणजे लाटेची एकेक वळणे, त्यांचे ४४ तुकडे, आणि त्यांतल्या एकाचाही आकार दुसऱ्याशी जुळत नव्हता. हाताने ओढलेल्या लाटेत कुठे पाव इंच जास्त, कुठे कमी हे चालायचेच. मात्र तिच्यातला प्रत्येक तुकडा वेगळा कापून त्यावर क्रमांक घालत बसण्याची माझी तयारी नव्हती. ती आखणी पुसून मी जोडकामाच्या फलकावर गेले.

तिथे विचार सोपा वाटला. एका ब्लॉकमध्ये एक कमान आखायची आणि तोच ब्लॉक एकदा सुलटा, एकदा उलटा करून ओळीने मांडायचा. कमान १२ इंच रुंद धरली तर आखूड बाजूवर ५ आणि लांब बाजूवर ६ कमानी नेमक्या बसत होत्या. भागाकार निःशेष जातो आहे हे पाहून मी खूश झाले, आणि चूक तिथेच झाली. कमानींची संख्या विषम असेल तर बाजूची पहिली आणि शेवटची कमान एकाच दिशेला फुगते. सम असेल तर एक बाहेर फुगते आणि दुसरी आत वळते. त्यामुळे आखूड बाजू दोन्ही टोकांना सारखी संपत होती, लांब बाजू मात्र एका टोकाला एक आणि दुसऱ्या टोकाला दुसरीच दिशा घेऊन येत होती. चारांपैकी दोन कोपरे जुळत होते आणि उरलेल्या दोन कोपऱ्यांत लाट जणू आपटून थांबत होती.

लांब बाजूवर ६ ऐवजी ७ ब्लॉक घातले तर, असे म्हणून मी संख्या बदलून पाहिली. सॉफ्टवेअरने काहीही कुरकुर न करता ७ ब्लॉक बसवून दिले, कारण त्याने प्रत्येक ब्लॉक १२ इंचांवरून सुमारे १०.२९ इंचांवर दाबला होता. पूर्ण क्विल्ट पडद्यावर पाहताना हे लक्षातही येत नाही. चित्र मोठे करून कोपरा पाहिला तेव्हा दिसले की एका बाजूची कमान वर्तुळाची राहिली होती आणि दुसऱ्या बाजूची दबून उभट झाली होती, त्यामुळे दोघींचा उतार कोपऱ्यात वेगवेगळा होता. पडद्यावरची रेष अशी कितीही दाबता येते; कापडाच्या बाबतीत त्याचा अर्थ साच्यांचा आणखी एक संच असा होतो.

शेवटी संगणक बंद करून कागदावर गणित मांडले. मधल्या भागाभोवती आधी एक साधी पट्टी लावली तर दोन्ही मापे वाढतात, पण त्यांच्यातला १२ इंचांचा फरक कायम राहतो. दोन्ही बाजूंवर कमानी विषम हव्यात, आणि दोन विषम संख्यांमधला फरक नेहमी सम असतो. म्हणजे कमानीची रुंदी गुणिले एखादी सम संख्या बरोबर १२ आले पाहिजे. फरक दोन कमानींचा ठेवला तर रुंदी ६ इंच येते. ६० मध्ये ६ इंच १० वेळा बसतात, म्हणजे सम, म्हणून एक पायरी वर जाऊन ६६ घेतले: ११ कमानी. लांब बाजू तेवढीच वाढून ७८ झाली: १३ कमानी. त्यासाठी चारही बाजूंना ३ इंचांची साधी पट्टी पुरेशी होती. किनारीसह क्विल्ट ७८ बाय ९० इंच होणार होता, तोही मला हवा तसाच. या हिशेबाला अर्धा तास लागला. तो आधी केला असता तर तीन संध्याकाळी वाचल्या असत्या.

कमान किती उंच घ्यावी हा प्रश्न त्यानंतर आला. रुंदी आणि उंची माहीत असली की त्रिज्या काढता येते: रुंदीच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागायचे आणि त्यात उंचीचे अर्धे माप मिळवायचे. ६ इंच रुंद कमानीला १ इंच उंची दिली तर त्रिज्या ५ इंच येते आणि लाट फार निवांत, जवळजवळ झोपलेली दिसते. २ इंच दिली तर त्रिज्या सव्वातीन इंच येते, परंतु कमान सांध्याशी सुमारे ६७ अंशांत चढते आणि बाजूच्या तुकड्याचे टोक सुईसारखे होते. दीड इंचाला त्रिज्या पावणेचार इंच आणि चढ सुमारे ५३ अंश येतो. मी ते माप पक्के केले. ३, ४, ५ बाजूंच्या काटकोन त्रिकोणातला हा कोन आहे, हे निवडताना माझ्या ध्यानात नव्हते. पुढे त्याने बरेच काम सोपे केले.

आता ६ बाय ६ इंचांचा ब्लॉक घेतला आणि ग्रिड, म्हणजे आखणीखालची चौकड्यांची जाळी, पाव-पाव इंचाचे ठेवले. कमान डाव्या कडेच्या मध्यावरून निघून उजव्या कडेच्या मध्यावर पोहोचायला हवी. पहिल्या खेपेला ग्रिडला चिकटण्याची सोय चुकून बंद राहिली होती. रेषा कडेपर्यंत गेली आहे असे दिसत होते, पण कमानीखाली गडद रंग ओतला तर सगळा ब्लॉक गडद झाला. चित्र कमाल मर्यादेपर्यंत मोठे केल्यावर रेषेचे टोक कडेच्या केसभर अलीकडे थांबलेले दिसले. तेवढ्या फटीमुळे सॉफ्टवेअरच्या लेखी तिथे दोन तुकडे नव्हतेच, एकच होता. तेव्हापासून आखणी झाली की साचे मागण्याआधी मी प्रत्येक तुकड्यात एक भडक रंग ओतून पाहते. फट असेल तर रंग लगेच सांगतो.

वक्राला आकार देण्यासाठी रेषेच्या दोन्ही टोकांना हँडल, म्हणजे माउसने ओढायचे ठिपके, असतात. ही बेझिए वक्राची पद्धत मोटारींच्या कारखान्यांतून आली: पॉल द कास्तेलज्यो यांनी १९५९ मध्ये सित्रोएनमध्ये आणि पिएर बेझिए यांनी १९६० च्या दशकात रेनोमध्ये, गाड्यांच्या पत्र्यांचे आकार नेमके मांडता यावेत म्हणून ती बसवली. तिच्यात सांध्याशी वक्र कोणत्या दिशेने निघणार हे हँडलच ठरवते. डावे हँडल टोकापासून दीड इंच पुढे आणि २ इंच वर, आणि उजवे त्याच मापाने उलट बाजूला ओढले, तेव्हा दोन्ही हँडल ग्रिडच्या छेदबिंदूंवर बरोबर बसली, कमानीची उंची दीड इंच भरली आणि खऱ्या वर्तुळापासूनचा फरक इंचाच्या हजाराव्या भागांत मोजण्याइतका उरला. हाताने अंदाजे काहीही ओढावे लागले नाही. हाच ब्लॉक शेजारी उलटा ठेवला तर सांध्यावर लाट विनाखाच पुढे जाते, कारण दोन्हीकडचा उतार तोच असतो. शिवाय उलट्या ब्लॉकमध्ये फक्त रंगांची अदलाबदल होते, आकार तेच राहतात. म्हणून ४८ ब्लॉकना मिळून दोनच साचे लागले.

कोपऱ्याने मला सर्वांत जास्त छळले. प्रत्येक बाजूची शेवटची कमान आत वळणारी ठेवली तर लाट कोपऱ्याच्या ब्लॉकमध्ये बाहेरच्या दिशेने चढत शिरते आणि तिला परत फिरवायला अर्ध्या वर्तुळाहूनही मोठा, सुमारे १९६ अंशांचा वळसा द्यावा लागतो, तोही जेमतेम २.१४ इंच त्रिज्येचा. पडद्यावर हा वळसा फारच देखणा होता, कोपऱ्यात पान उमलल्यासारखा. मी तो टाकाऊ कापडावर शिवून पाहिला आणि दोन संध्याकाळी गेल्यावरही त्याच्या गळ्याशी चुण्या राहिल्याच. मग सगळी लाट एका कमानीने सरकवून टोकाच्या कमानी बाहेर फुगणाऱ्या ठेवल्या. आता लाट कोपऱ्यात उतरत येते आणि तिला फक्त सुमारे १६ अंश वळायचे असते. त्रिज्या बरोबर १५ इंच, म्हणजे शिवण जवळजवळ सरळच. हँडल पाऊण इंच पुढे आणि १ इंच खाली ठेवले, दुसऱ्या टोकाला हीच मापे आडवी-उभी बदलून घेतली, आणि सांधा जुळला. देखणेपणात हा कोपरा पहिल्याच्या पासंगालाही पुरत नाही, हे मान्य करते. पण तो शिवता येतो.

साचे छापताना आणखी एक गोष्ट अंगाशी आली. छपाईच्या खिडकीत पानावर बसवण्याचा पर्याय आधीपासूनच निवडलेला होता आणि माझ्या ते लक्षात आले नाही. साचा ९७ टक्क्यांवर छापला गेला. एका ब्लॉकमध्ये हा फरक डोळ्यांना कळत नाही, परंतु ११ ब्लॉकांत तो जवळजवळ २ इंच होतो. सुदैवाने पानाच्या कोपऱ्यात मी १ इंचाचा चौकोन आखून ठेवला होता आणि कापड कापण्याआधी त्याला मोजपट्टी लावली. माया, म्हणजे शिवणीसाठी कडेला सोडायचे जादा कापड, धरून साडेसहा इंचांचा साचा ए४ कागदावर मूळ मापातच मावतो. तो लहान करण्याचे कारणच नव्हते.

कापताना साच्याच्या सरळ कडा कापडाच्या उभ्या-आडव्या धाग्याला धरून ठेवल्या, म्हणजे ब्लॉकच्या बाहेरच्या कडा ताणल्या जात नाहीत आणि वक्र कडेला मात्र उरेब, म्हणजे धाग्यांना तिरका काप, आल्याने ती थोडी वळते. फिकट कापडाचे २६ फुगीर व २२ खोलगट आणि गडद कापडाचे २२ फुगीर व २६ खोलगट तुकडे निघाले. दोन्ही तुकड्यांची शिवण सारख्याच लांबीची, सुमारे ६.९५ इंच असली, तरी पाव इंच माया धरल्यावर फुगीर तुकड्याची कापलेली कड सुमारे ७.४२ इंच आणि खोलगट तुकड्याची सुमारे ६.४९ इंच होते. हातात घेतल्यावर हे तुकडे एकमेकांचे नाहीतच असे वाटते ते या फरकामुळे. खोलगट कडेला मायेत छोट्या चिरा दिल्या, दोन्ही तुकडे दुमडून मध्य टाचणीने जुळवला, मग टोके, आणि खोलगट तुकडा वर ठेवून सावकाश शिवले. खोलगट तुकड्याचे टोक मायेसकट जवळजवळ १ इंच लांब निघते आणि कुठे जुळवावे तेच कळत नाही. म्हणून पहिल्या चार ब्लॉकनंतर मी साच्यावरच ते टोक बोथट कापले.

१३ ब्लॉकांच्या दोन पट्ट्या आधी लांब बाजूंना जोडल्या आणि ११ ब्लॉकांच्या पट्ट्यांना दोन्ही टोकांना कोपऱ्याचे ब्लॉक लावून त्या नंतर वर-खाली जोडल्या. पहिली लांब पट्टी ७८ ऐवजी ७८ इंच आणि वर तीन अष्टमांश भरली. मधल्या भागाच्या कडेवर दर ६ इंचांवर खूण करून प्रत्येक सांधा आपापल्या खुणेवर टाचला आणि जास्तीचे कापड मशीनच्या दात्यांकडे, खालच्या बाजूला ठेवले. १३ ठिकाणी वाटले गेल्यावर ते कुठे मुरले ते दिसतही नाही. दुसरी लांब पट्टी मापात आली. कोपऱ्यांपैकी तिघांत लाट सांध्यावरून सरळ पार गेली. चौथ्यात फिकट रंग दोन धागे बाहेर डोकावतो, तो सांधा उसवून मी एकदा पुन्हा घातला आणि तो पुन्हा तसाच आला.