वीस डॉलरची नव्हे, वीस एस्कुदोंची चिप

मडगावातल्या एका जुन्या घराची आवराआवर चालू असताना बिस्किटांचा पत्र्याचा डबा आमच्याकडे तपासणीला आला. आत जुगाराच्या गोल चिप्स होत्या आणि एका विक्रेत्याने लावलेली चिठ्ठी: ‘लास वेगास, २० डॉलर, क्ले’, म्हणजे मातीच्या मिश्रणाची. घरच्या काकूंना ते पटलं नव्हतं. म्हणाल्या, “आमचे मामंजी लोरेन्सु मार्किशला नोकरीला होते. अमेरिका त्यांनी नकाशातच पाहिली.” लोरेन्सु मार्किश म्हणजे पोर्तुगीज मोझांबिकची राजधानी, आजचं मापुतो.

घरची गोष्ट मी नेहमी शेवटी विचारात घेतो. आधी चिपवरची रक्कम वाचायची. इथे कोरलं होतं २०$००. अमेरिकेत डॉलरचं चिन्ह आकड्याच्या आधी येतं. जुन्या पोर्तुगीज चलनाच्या पद्धतीत तेच चिन्ह मधे बसायचं, डावीकडे एस्कुदो आणि उजवीकडे सेंताव्हो, म्हणजे एस्कुदोचा शंभरावा भाग. म्हणजे हे वीस एस्कुदो. चिठ्ठीतलं अर्धं इथेच गळालं.

मग वजन. व्यास ४० मिमी, जाडी ३ मिमी, वजन ५.१ ग्रॅम. आकारमान साधारण ३.८ घनसेंमी, म्हणून घनता १.३५च्या आसपास. अमेरिकन क्ले चिप साधारण ३९ मिमीची असते आणि ९-१० ग्रॅम भरते, कारण तिच्या मिश्रणात जड खनिज भुकटी असते. ही तिच्या निम्म्या वजनाची, तेव्हा ‘क्ले’ही गेलं. मात्र १.३५ घनता केसीन (दुधातल्या प्रथिनापासूनचं), सेल्युलॉइड, बेकेलाइट या जुन्या प्लॅस्टिकांपैकी कशाचीही असू शकते. काटा इथे थांबतो, पुढचं नाकाने.

चिपची फक्त कड काही सेकंद गरम पाण्यात धरायची, पुसायची आणि लगेच हुंगायची. कापराचा वास आला तर सेल्युलॉइड, कार्बोलिक साबणासारखा आला तर बेकेलाइट, करपलेल्या दुधाचा आला तर केसीन, म्हणजेच गॅलॅलिथ. आमच्या चिपने दूध सांगितलं. बाजारात काही जण तापवलेली सुई टोचून बघतात. तसं करू नये: खूण कायमची राहते आणि माल सेल्युलॉइडचा निघाला तर पेट घेतो. केसीन पाण्यात भिजतही ठेवायचं नाही, ते पाणी शोषून फुगतं आणि वाकतं.

दहापट भिंगाखाली आकडा पाहिला. रेघांची टोकं गोलसर, खोबणीच्या तळाशी फिरत्या पात्याचे बारीक वळसे, आणि त्यात भरलेला सोनेरी रंग कडेकडेने उडालेला. म्हणजे आकडा छापलेला नाही, यंत्राने कोरून रंगवलेला. कडा झिजून गुळगुळीत झाल्या होत्या, पृष्ठभागावर चिपवर चिप सरकवल्याचे ओरखडे होते. शोभेसाठी ठेवलेल्या संचावर असे ओरखडे पडत नाहीत.

आता ठिकाण. ‘गोव्याच्या जुन्या कॅसिनोतली’ म्हणून विकायचा मोह इथे अनेकांना होतो. पण गोव्यात रुपिया जाऊन एस्कुदो आला १९५८ मध्ये आणि १९६१ मध्ये पोर्तुगीजच गेले. जुगारबंदीचा कायदा १९७६चा. पंचतारांकित हॉटेलांत यंत्रांवरच्या खेळांना मुभा मिळाली १९९२च्या दुरुस्तीने, जहाजांवर टेबलाचे खेळ त्याच्याही नंतर. म्हणजे हे कॅसिनो आले तेव्हा गोव्यातून एस्कुदो कधीच गेला होता. उलट मोझांबिकमध्ये एस्कुदो १९८० पर्यंत चालला, मग मेतिकाल आलं. तेव्हा काकूंच्या मामंजींची गोष्ट आणि चिप यांचा मेळ बसतो. चिपवर नाव किंवा आद्याक्षरं नसल्याने ती कॅसिनोचीच, असं मात्र लिहिता येत नाही. क्लबाच्या पत्त्यांच्या टेबलावरही अशाच चिप्स चालत.

डब्यात दोन पाहुण्या निघाल्या. ११.५ ग्रॅम वजन, कडेला फाशांची नक्षी, लोहचुंबक लावताच चिकटल्या. आत पोलादी चकती असलेल्या या घरगुती पोकर संचातल्या चिप्स.  त्या बाजूला काढल्या.

नोंद अशी केली: ‘केसीन, कोरीव, २० एस्कुदो, पोर्तुगीज चलनक्षेत्र, मोझांबिक संभाव्य, वापरलेली’. काकूंना मूळचा डबा वापरू नका म्हणून सांगितलं. पावसाळ्यातली दमट हवा पत्र्यात कोंडते, गंज चिपला लागतो. पीव्हीसीची पाकिटंही नकोत, त्यातलं तेलकट द्रव्य सुटून चिकटतं. पॉलिप्रोपिलीनची पाकिटं, प्रत्येक पाकिटात एकच चिप, आणि स्वयंपाकघरापासून लांबचं कपाट.