मारुती ८०० एसी: उन्हाळ्याआधीची तापमानाची नोंद

गाडी कार्ब्युरेटरची मारुती ८००, ७९६ सीसी, तीन सिलिंडर. एसीत आता आर-१३४ए गॅस आहे. मुक्काम अकोला जिल्ह्याच्या खारपाणपट्ट्यात (जिथं जमिनीतलं पाणी खारं), म्हणजे निम्मं धावणं पांदण रस्त्यावर आणि उरलेलं तालुक्याच्या बाजारात. लक्षण नेहमीचंच: हिवाळाभर इंजिनच्या तापमानाचा काटा अर्ध्यावर, मार्च लागला की रेल्वे फाटकावर एसी चालू ठेवून थांबलं की काटा पाऊणच्या वर. "जुन्या गाडीला एसी झेपत नाही" असं म्हणून बरेच जण इथंच विषय मिटवतात. हे पटण्यासारखं नाही. एसीचा भार धरूनच रेडिएटर दिलेला असतो. तो भार पेलण्याची राखीव ताकद वर्षानुवर्षं कुठं गळत गेली ते शोधायचं असतं.

आधी खरा आकडा

डॅशबोर्डचा काटा मोजमापाला चालत नाही. तो सेंडरच्या (इंजिनातल्या मूळ तापमान-सेन्सरच्या) रेझिस्टन्सवर हलतो, आणि सेंडर जुना, अर्थिंग गंजलेलं, व्होल्टेज कमीजास्त असेल तर तेवढ्याच तापमानाला वेगळी जागा दाखवतो. म्हणून वरच्या होज पाइपमध्ये ॲल्युमिनियमचा टी-जोड टाकून त्यात डिजिटल मीटरचा सेन्सर बसवला. सेन्सर एका वायरचा असेल तर जोडाच्या बॉडीला वेगळी अर्थ वायर द्या. दोन्हीकडं रबर असल्यामुळं जोडाला इंजिनची अर्थ मिळतच नाही आणि आकडा वाटेल तसा उड्या मारतो. शिवाय ही जागा थर्मोस्टॅटच्या (पाणी तापल्यावर रेडिएटरची वाट उघडणाऱ्या व्हॉल्व्हच्या) पुढची आहे, त्यामुळं थर्मोस्टॅट उघडेपर्यंत इथं आकडा कमीच दिसणार.

इन्फ्रारेड थर्मामीटर पडताळणीला ठीक. फक्त चकचकीत ॲल्युमिनियमवर रोखला तर तो खोटं कमी तापमान सांगतो. थर्मोस्टॅट हाउसिंगवर काळ्या टेपचा तुकडा चिकटवा आणि त्यावर रोखा. तरीही आतल्या पाण्यापेक्षा आकडा थोडा खालीच राहील.

अशा गाडीत, ८२ अंशांच्या थर्मोस्टॅटवर, आम्ही धरलेले पट्टे असे. मोकळ्या रस्त्यावर ६०–७० च्या वेगानं एसी बंद असताना ८४ ते ८८. एसी लावला की ८६ ते ९२. उभ्या गाडीत एसी चालू असताना ९० ते ९८. मे महिन्यात दुपारी बाहेर ४५ असताना १०० ते १०२ पर्यंत गेलं तरी घाबरू नये, पण तिथं स्थिर राहायला हवं. १०५ ला एसी बंद करायचा. ११० ला थांबायचं.

आकडा शंभरच्या वर गेला म्हणजे पाणी उकळलं असं नाही. रेडिएटरचं झाकण ०.९ बारचं आणि धडधाकट असेल तर साधं पाणीसुद्धा ११८ च्या आसपास उकळतं, कूलंट मिसळलेलं त्याहून वर. झाकण मेलेलं असेल तर मात्र शंभरलाच खेळ संपतो. थोड्या पैशांची वस्तू आहे, रबर कडक झालं असेल तर सरळ बदला. गरम इंजिनवर ते उघडू नका, हे वेगळं सांगायला नको.

हिवाळ्यातला आकडा का फसवतो

थर्मोस्टॅट ८२ ला उघडायला लागतो आणि ९५ च्या आसपास पूर्ण उघडतो. मधल्या टप्प्यात तो स्वतःच पाणी कमीजास्त सोडून तापमान सांभाळतो. रेडिएटर निम्मा चोक, म्हणजे बुजलेला, असला तरी थंडीत थर्मोस्टॅट थोडा जास्त उघडतो आणि काटा जागचा हलत नाही. एकदा तो पूर्ण उघडला की त्याच्या हातात काही उरत नाही. त्यापुढं बाहेर जितके अंश वाढतील, जवळपास तितकेच पाण्यात वाढतात.

म्हणून नुसता आकडा न लिहिता, त्यातून बाहेरचं तापमान वजा करून फरक लिहायचा. अट एवढीच: गाडी उभी, एसी चालू, फॅन सलग फिरतोय, आणि आकडा ९५ च्या वर जाऊन थांबलाय. मार्चच्या सुरुवातीला सावलीत बाहेर ३४ आणि पाणी ९७. फरक ६३. हाच फरक मे महिन्याच्या ४५ ला लावला तर १०८ येतात. गाडी मार्चमध्ये वरवर ठीक, पण मेमध्ये फाटकावर १०५ ची हद्द ओलांडणार हे कागदावरच दिसलं. फरक ५५ च्या आत आणायचा, हे उद्दिष्ट ठरलं.

मार्च: हवा

पहिला हात कंडेन्सरला, म्हणजे एसीच्या गॅसची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला. तो रेडिएटरच्या पुढं असतो, त्यामुळं एसी लावला की रेडिएटरला बाहेरची नव्हे, कंडेन्सरमधून तापून आलेली हवा मिळते. त्या दोघांमधल्या फटीत आपल्याकडं काय काय साचतं ते पाहण्यासारखं आहे: कापसाचे तंतू, सोयाबीनचं कुटार, पावसाळ्यातले किडे, आणि या सगळ्यावर काळ्या मातीचा थर. पुढून बघितलं तर कंडेन्सर स्वच्छ दिसतो. घाण मागं, रेडिएटरच्या तोंडावर असते. वरचे बोल्ट सोडून रेडिएटर दोन बोटं मागं घेतला तरच ती दिसते. पाणी इंजिनच्या बाजूनं बाहेर मारायचं, साध्या पाइपनं. वॉशिंग सेंटरचा प्रेशर गन जवळून मारला की फिन्स (जाळीच्या पातळ पात्या) आडव्या होतात आणि होती तेवढी हवाही बंद पडते.

कडेचा फोम झडलेला होता. हे लोक सोडून देतात. उभ्या गाडीत फॅन सोप्या वाटेनं हवा ओढतो. कडेला फट असेल तर इंजिनमधली गरम हवाच फिरून परत पुढं येते. १५ मिमी जाडीचा बंद छिद्रांचा फोम चारही कडांना चिकटवला, आणि फॅनच्या श्राउडचा (फॅनभोवतीच्या आवरणाचा) तुटलेला कोपरा पत्रा लावून भरला.

मग फॅन. इंजिन आणि एसी चालू ठेवून मल्टिमीटर थेट फॅनच्या कनेक्टरवर लावा. बॅटरीवर १३.८ आणि इथं ११.६ भरले. दोन व्होल्ट वायर आणि जुन्या स्विचमध्ये जळत होते. फॅनसाठी वेगळी ३० अँपिअरची रिले (छोट्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच), २.५ चौरस मिमीची वायर, २० अँपिअरचा फ्यूज आणि बॉडीऐवजी थेट बॅटरीच्या निगेटिव्हला अर्थ दिली. आता १३.३ मिळतात. फॅनच्या आवाजातच फरक कळतो. तपासायला वहीचा कागद ग्रिलवर धरा, तो चिकटून राहिला पाहिजे. उडून पुढं आला तर मोटर बदलताना वायरी उलट्या लागल्या आहेत.

एसीचा क्लच (कॉम्प्रेसरला इंजिनशी जोडणारा) लागताच फॅन फिरायलाच हवा. बाहेरून बसवलेल्या बऱ्याच किटमध्ये फॅन फक्त पाण्याच्या थर्मोस्विचवर (पाणी ठरावीक तापलं की लागणाऱ्या स्विचवर) सोडलेला असतो. मग पाणी तापेपर्यंत कंडेन्सर बिनहवेचा राहतो. रिलेच्या कॉइलला क्लच आणि थर्मोस्विच दोन्हीकडून करंट मिळायला हवा, आणि दोन्ही वाटांवर एकेक डायोड (करंट एकाच दिशेनं सोडणारा), नाहीतर थर्मोस्विच लागला की उलट करंट जाऊन क्लचही ओढला जातो.

आयडलिंग, म्हणजे उभ्या गाडीतला इंजिनचा वेग, हेही बघा. एसी लावल्यावर आयडल-अपनं (तो वेग वाढवणाऱ्या जोडानं) ९०० ते १००० आरपीएम धरायला हवेत. ते ७०० वर पडले की वॉटर पंप मंदावतो आणि अल्टरनेटरचा व्होल्टेज पडून फॅनही मंदावतो.

एवढ्यावर फरक ६३ वरून ५८ झाला.

मार्च अखेर: पाणी

खारपाणपट्ट्यात बोअरचं पाणी रेडिएटरमध्ये ओतलं जातं, आणि पुढचं सगळं तिथूनच सुरू होतं. क्षार नळ्यांच्या आतून बसतात, अगदी चहाच्या भांड्याला बसतात तसे. शिवाय ॲल्युमिनियमचं हेड आतून खायला क्लोराइड आयतं मिळतं.

चोक कुठं आहे ते शोधायला, पाणी गरम असताना फॅन बंद करून रेडिएटरच्या तोंडावर रांगेनं इन्फ्रारेड फिरवा. तापमान एका टोकाकडून दुसऱ्याकडं हळूहळू उतरलं पाहिजे. मध्येच थंड पट्टा लागला तर त्या नळ्या बंद आहेत. इथं खालचा चौथा भाग थंड होता.

थर्मोस्टॅट काढून, हीटर पूर्ण उघडा ठेवून सायट्रिक ॲसिड फिरवलं. प्रमाण लिटरला ४० ग्रॅम, इंजिन कोमट करून अर्धा तास, मग काढून साध्या पाण्यानं धुणं. पुढं लिटरला चमचाभर खायचा सोडा घालून पाच मिनिटं, आणि परत स्वच्छ पाणी येईपर्यंत धुणं. ॲसिड रात्रभर सोडू नका. कॉस्टिक सोडा ॲल्युमिनियम खातो आणि संडास साफ करायचं ॲसिडही खातं, दोन्ही लांब ठेवा. तांब्या-पितळेचा जुना रेडिएटर असेल तर धुतल्यावर गळती उघडी पडू शकते. ती क्षारानं बुजलेली असते, ॲसिडनं केलेली नसते. अशा रेडिएटरला रॉडिंग (नळ्यांतून सळई घालून सफाई) करून घेता येतं. ॲल्युमिनियम-प्लॅस्टिकच्याला ते होत नाही, तो बदलावा लागतो.

थर्मोस्टॅट पातेल्यात तपासा. व्हॉल्व्हच्या फटीत दोरा अडकवून तो पाण्यात टांगा आणि थर्मामीटर सोडा. दोरा सुटला तो आकडा उघडण्याचा. पूर्ण उघडल्यावर साधारण ८ मिमी उचललेला दिसतो. आमचा ८९ ला सुटला, म्हणून नवा. बसवताना हलणारी छोटी पिन वरच्या बाजूला, नाहीतर हवा अडकते.

"थर्मोस्टॅट काढूनच टाका" हा सल्ला आपल्या भागात फार मिळतो. त्यानं सकाळी इंजिन थंड चालतं, पेट्रोल जास्त जातं, ऑइल काळं गाळासारखं होतं. आणि ज्या इंजिनात हाच थर्मोस्टॅट बायपासचं (रेडिएटर टाळून जाणाऱ्या वाटेचं) तोंड बंद करतो, तिथं गरम पाणी रेडिएटरला न जाता परत इंजिनातच फिरतं, म्हणजे उन्हाळ्यात उलटं वाढतं.

भरणीला १ लिटर कॉन्सन्ट्रेट कूलंटला २ लिटर बॅटरीचं डिस्टिल्ड वॉटर. इथं बर्फाची भीती नाही, आणि ग्लायकॉल (कूलंटमधलं मुख्य द्रव्य) जितका वाढवाल तितकी उष्णता वाहायची ताकद कमी होते. तयार मिश्रण घेतलं असेल तर त्यात पाणी घालायचं नाही. भरताना गाडीचं नाक चढावर, हीटर गरमवर, वरचा पाइप दाबत दाबत बुडबुडे थांबेपर्यंत. बुडबुडे थांबतच नसतील, किंवा थंड इंजिन सुरू केल्यावर अर्ध्या मिनिटात वरचा पाइप टणक होत असेल, तर आधी हेड गॅसकेटकडं (हेड आणि इंजिन ब्लॉकमधल्या पॅकिंगकडं) वळा.

एप्रिल: गॅसचा दाब

गॅसवाला सकाळी ३० अंशात दाब बघून "पूर्ण" भरतो. तीच गाडी दुपारी ४४ ला जास्त भरलेली ठरते, कंडेन्सर जास्त तापतो आणि ती उष्णता रेडिएटरच्या माथी येते. आर-१३४ए ला बाहेर ४३–४५ असताना उच्च दाब २३० ते २६० पीएसआय रास्त. आमचा ३०० ला टेकत होता. गॅस पूर्ण काढून वजनानं भरला. मूळ आर-१२ या जुन्या गॅसची गाडी असेल तर मूळ वजनाच्या ८० ते ९० टक्केच आर-१३४ए भरतात. दाब उतरला २४५ वर, आणि व्हेंटमधली हवाही जास्त गार झाली.

एप्रिल अखेर, बाहेर ४३, फाटकावर एसी चालू: पाणी ९६. फरक ५३.

बाकी

इग्निशन टायमिंग (ठिणगी पडायची वेळ) मागं असेल तर एक्झॉस्ट आणि हेड दोन्ही तापतात. ते टायमिंग लाइटनं बघायचं आहे. फॅन मोटरचे कार्बन ब्रश झिजलेत, नवे आणलेत. मग परतवाड्याहून चिखलदऱ्याचा घाट, दुसऱ्या गिअरात, एसी लावून. वर उंची अकराशे मीटरच्या पुढं, तिथं उघडं पाणी ९६ लाच उकळतं, म्हणून नवं झाकण आधीच लावलंय. चढात १०५ आले की एसी बंद, तरी चढले तर हीटर पूर्ण गरमवर आणि गाडी बाजूला, आरपीएम थोडे वाढवून. काटा एकदम खाली पडला आणि वाफ दिसली, तर सेन्सर पाण्याबाहेर आलाय असं समजून इंजिन लगेच बंद.