वाप्पुला शहरात, युहान्नुसला तळ्याकाठी: फिनलंडमधले आमचे दोन महिने

लेक हेलसिंकीशेजारच्या एस्पोला नोकरी करते. यंदा एप्रिलच्या शेवटच्या आठवड्यात आम्ही दोघं तिच्याकडे गेलो आणि जूनअखेरीस परतलो. शेंगेन व्हिसावर ९० दिवसांपर्यंत राहता येतं, आणि एवढ्या काळात वाप्पु (३० एप्रिल आणि १ मेचा वसंताचा सण) आणि युहान्नुस (जूनमधला ऐन उन्हाळ्याचा सण) हे दोन्ही आरामात बसतात. तिकीट काढतानाच हा हिशेब करा. दोन्ही सणांचा स्वभाव मात्र अगदी उलटा आहे. वाप्पुला सगळी माणसं रस्त्यावर येतात, युहान्नुसला हेलसिंकी ओस पडतं. तेव्हा पहिल्या सणाला शहरात राहायचं आणि दुसऱ्याला काहीही करून शहराबाहेर पडायचं, एवढं पक्कं ठरवून ठेवा.

वाप्पुची तयारी घरात आठवडाभर आधीच सुरू झाली होती. लेकीने सिमा नावाचं पेय घातलं होतं. पाणी, साखर, लिंबू आणि चिमूटभर यीस्ट, एवढंच साहित्य. बाटलीत भरताना वर थोडे बेदाणे टाकायचे. ते आधी तळाशी जाऊन बसतात आणि सिमा तयार झाली की एकेक करत वर येऊन तरंगतात. मी रोज सकाळी उठल्यावर आधी बाटल्या बघायचे. तिसऱ्या दिवशी दोन बेदाणे वर आले, चौथ्या दिवशी सगळे. चवीला गोड-आंबट, किंचित फसफसणारं पेय. घरच्या सिमेत नाममात्र अल्कोहोल असतं, ज्यांना चालत नाही त्यांनी आधी विचारून घ्यावं. सोबत टिप्पालेइपा असतो: पिठाची बारीक धार तेलात गोल गोल सोडून तळतात आणि वर पिठीसाखर भुरभुरतात. दिसायला जिलबीची बहीण, पण पाकाशिवाय आणि खुसखुशीत.

३० एप्रिलच्या संध्याकाळी सहा वाजता हेलसिंकीच्या बाजारचौकाजवळ हाविस अमांडाच्या पुतळ्याला पांढरी टोपी घालतात. व्हिले वालग्रेनने घडवलेला हा पुतळा १९०८ पासून तिथे उभा आहे, लोक त्याला लाडाने मांटा म्हणतात. विद्यार्थी आधी तिला अंघोळ घालतात, मग टोपी. त्याच क्षणी चौकातली हजारो माणसं आपापली टोपी डोक्यावर चढवतात. बारावीसारखी परीक्षा पास झाल्यावर मिळालेली ही टोपी माणूस आयुष्यभर जपतो. माझ्या शेजारी एक आजी उभ्या होत्या. त्यांच्या टोपीचं कापड जुन्या पुस्तकाच्या पानासारखं पिवळं पडलं होतं. त्यांनी ती पिशवीतून काढली, दोन्ही हातांनी नीट बसवली आणि माझ्याकडे बघून इतक्या मनापासून हसल्या की माझेच डोळे भरून आले. फिनिश माणसं अबोल असतात असं ऐकून गेले होते. त्या संध्याकाळी अनोळखी लोक आम्हाला शुभेच्छा देत होते.

चौकात नीट दिसायला हवं असेल तर निदान तासभर आधी पोचा. दिवस मावळेपर्यंत वातावरण छान असतं, नंतर पिणाऱ्यांची गर्दी वाढते. आम्ही आठ वाजता मेट्रोने घरी आलो. दुसऱ्या दिवशी, १ मेला, कायवोपुइस्तो बागेत सहल असते. कामगार दिनही हाच, त्यामुळे मोर्चेही निघतात. उन्हाळी कपड्यांच्या मोहात पडू नका. आमच्या वेळी सकाळी बर्फमिश्रित पाऊस पडून गेला आणि दुपारी लख्ख ऊन. थर्मल, वारा अडवणारं जाकीट आणि बसायला जाड चटई हवीच. रिकाम्या बाटल्या आणि डबे कचऱ्यात टाकू नका, दुकानातल्या यंत्रात घातले की अनामत परत मिळते.

मे महिना उजेड वाढण्यात गेला. जूनमध्ये बाजारात नवे बटाटे आले, पाठोपाठ स्ट्रॉबेरी. तिथे दोन्ही लिटरच्या मापाने मिळतात.

युहान्नुसचा मुख्य दिवस २० ते २६ जूनच्या दरम्यानचा शनिवार, पण खरा सण आदल्या शुक्रवारीच सुरू होतो. लेकीच्या सहकारिणीच्या आईवडिलांनी मिक्केलीजवळ साइमा सरोवराकाठच्या त्यांच्या म्योक्कीवर, म्हणजे उन्हाळी घरावर बोलावलं होतं. असं बोलावणं आलं तर नाही म्हणू नका. रेल्वेची जाण्यायेण्याची तिकिटं लवकर काढा. किराणा गुरुवारीच भरा, कारण शुक्रवारी बरीच दुकानं लवकर बंद होतात. शाकाहारी असाल तर यजमानांना आधी कळवा. आमच्यासाठी बडीशेपेच्या पाल्यासारखा दिसणारा डिल आणि लोणी घातलेले नवे बटाटे होते, भाज्या निखाऱ्यावर भाजल्या होत्या. बाकीचे हेरिंग मासे आणि सॉसेज खात होते.

दाराच्या दोन्ही बाजूंना बर्चची कोवळी झाडं उभी केली होती, आपल्याकडच्या केळीच्या खांबांसारखी. संध्याकाळी सहाला झेंडा चढवला. एरवी तो रात्री उतरवतात, युहान्नुसला रात्रभर फडकत राहतो.

मग सौना, म्हणजे तापवलेल्या खोलीतलं वाफेचं स्नान. बायका आधी, पुरुष नंतर. आत कपडे घालत नाहीत. मला संकोच वाटत होता, तर यजमानीणबाईंनी न बोलता एक मोठा टॉवेल हातात दिला. आधी अंघोळ करायची, टॉवेल अंथरून त्यावर बसायचं. पहिल्यांदा खालच्या पायरीवर बसा, वर उष्णता फार असते. त्यांनी तापलेल्या दगडांवर पळीने पाणी टाकलं. चर्र आवाज झाला आणि ऊब पाठीवरून मायेने हात फिरवल्यासारखी उतरली. त्या वाफेला लोयल्यू म्हणतात. बर्चच्या डहाळ्यांची जुडी ओली करून अंगावर हलकेच मारली की ओल्या पाल्याचा वास कोंदतो. मिक्केलीकडे तिला वास्ता म्हणतात, पश्चिम फिनलंडमध्ये विह्ता. मग सरळ तळ्यात. पाणी गार होतं, पण दोन मिनिटांनी बाहेर यावंसंच वाटेना. रक्तदाबाचा किंवा हृदयाचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे करू नका. ह्यांनी म्हणूनच फक्त सौना घेतला.

रात्री काठावर कोक्को, म्हणजे सणाचा मोठा जाळ पेटवला, आपल्या होळीएवढाच. वणव्याचा इशारा असेल तर तो पेटवत नाहीत, आमच्या आदल्या आठवड्यात पाऊस झाला होता म्हणून जमलं. पलीकडच्या काठांवरही एकेक जाळ दिसू लागला. डास मात्र भरपूर, मलम आणि लांब बाह्यांचे कपडे बरोबर ठेवा. झोपेसाठी डोळ्यांवर बांधायची पट्टीही न्या.

मध्यरात्र उलटल्यावर यजमानांची सोळा वर्षांची नात फुलं गोळा करायला निघाली. सात प्रकारची फुलं उशाखाली ठेवली की स्वप्नात होणारा नवरा दिसतो म्हणतात. मीही तिच्याबरोबर गेले. फुलं तोडताना बोलायचं नाही, हे तिने ओठांवर बोट ठेवून सांगितलं. विजेरीची गरजच नव्हती, गवतातल्या फुलांचा रंगसुद्धा ओळखू येत होता. सहा झाली, सातवं सापडेना. शेवटी कुंपणाशी मला एक निळं घंटेसारखं फूल दिसलं. मी तिची बाही ओढली. तिने ते अलगद खुडलं आणि आम्ही दोघी एक शब्दही न बोलता घराकडे चालत आलो.