सोलंटमधून न्यूटाउनपर्यंत : हिवाळ्यातल्या कामाची पहिली परीक्षा

हॅम्बल नदीच्या मुखातून बाहेर पडलो तेव्हा ओहोटीचे पाणी पश्चिमेकडे धावू लागले होते आणि नैऋत्येचा वारा समोरून येत होता. दक्षिण इंग्लंड आणि आइल ऑफ वाइट यांच्यामधल्या सोलंट सामुद्रधुनीत वारा व प्रवाह असे एकमेकांवर आले की लाटा आखूड आणि उभ्या होतात. गेल्या वर्षी अशाच पाण्यात शीड आखडण्यासाठी, म्हणजे वाढत्या वाऱ्यात ते दुमडून लहान करण्यासाठी, पत्नीला डोलकाठीपर्यंत जावे लागले होते. सुकाणू धरून तिच्याकडे पाहताना मला जी भीती वाटली, तिच्यामुळेच आम्ही हिवाळ्यात नौकेच्या कामासाठी हत्यारे हाती घेतली.

आमची नौका २६ फुटी वेस्टर्ली सेंटॉर आहे. १९६९ पासून बांधल्या गेलेल्या या नौकांना तळाशी दोन कील, म्हणजे तोल सांभाळणारी जड पाती, असतात; त्यामुळे ओसरत्या पाण्यात त्या न कलंडता चिखलावर उभ्या राहतात.

शीड आखडण्याचे दोर कप्प्यांवरून वळवून कॉकपिटपर्यंत, म्हणजे सुकाणूजवळच्या बसायच्या जागेपर्यंत, आणायचे, हे मुख्य काम ठरवले होते. प्रथम शिडाची पुढची आणि मागची कड एकाच दोराने ओढायची योजना केली; परंतु प्रत्येक वळणावर घर्षण वाढत गेले आणि धक्क्याला बांधलेल्या नौकेतही तो दोर दोघांना ओढवेना. मग दोन्ही कडांना वेगळे दोर दिले आणि बॉल-बेअरिंगच्या कप्प्या बसवल्या. त्यांच्या बोल्टसाठी केबिनच्या छपरातले प्रत्येक भोक आधी मोठे पाडून इपॉक्सी या घट्ट राळेने भरले, ते वाळल्यावर त्यातूनच बोल्टचे भोक पाडले आणि आतून प्लायवूडच्या पट्ट्यांचा आधार दिला, म्हणजे पुढे कधी पाणी झिरपले तरी ते छपराच्या गाभ्यात शिरणार नाही. हे काम वेळखाऊ आहे, पण ते टाळू नये असे माझे ठाम मत आहे. या सफरीत दुपारी वारा वाढला तेव्हा पत्नीने कॉकपिटमध्ये बसूनच शीड आखडले.

आइल ऑफ वाइटवरच्या न्यूटाउनच्या खाडीत शिरून उथळ फाट्यात नांगर टाकला. इथे जुन्या मिठागरांचे बांध अजून दिसतात. उरणच्या मिठागरांजवळ बालपण गेलेल्या मला ते पाहून फार बरे वाटले. डोलकाठीवर नांगराचा नवा एलईडी दिवा लावला. जुना १० वॉटचा बल्ब १२ व्होल्टच्या बॅटरीतून दहा तासांत सुमारे ८ अँपिअर-तास घेत असे. या २ वॉटच्या दिव्याला दोन अँपिअर-तासही लागत नाहीत.

रात्री नौका अलगद चिखलावर टेकली आणि पाऊस सुरू झाला. हिवाळ्यात खिडक्यांच्या चौकटी काढून, जुने सीलंट खरवडून, ब्यूटाइल टेपवर, म्हणजे पाणी रोखणाऱ्या चिकट रबरी पट्टीवर, त्या पुन्हा बसवल्या होत्या आणि पुढचे काही दिवस स्क्रू थोडेथोडे आवळले होते. पहाटे प्रत्येक खिडकीखाली हात फिरवला. सगळे कोरडे होते. फक्त डावीकडच्या मागच्या खिडकीच्या खालच्या कोपऱ्यात एक थेंब जमला होता. तिथे पेन्सिलने खूण केली, तोवर भरतीचे पाणी कीलपर्यंत आले होते.