अखेर हात पालथा झाला (कळसूत्री हात, नोंद ९)

रविवारी रात्री साडेअकराला मी बनवत असलेला लाकडी, दोरीने हलणारा हात पालथा झाला. करकरत, अडखळत, पण झाला. घरात सगळे झोपले होते म्हणून ओरडलो नाही, नुसताच दोरी ओढत बसलो. उताणा, पालथा, उताणा, पालथा. निदान चाळीस वेळा.

आठव्या नोंदीत मी किती रडगाणं गायलो होतो ते आठवत असेलच. खांद्याची उखळ जमली होती. कोपराची बिजागरी तर पहिल्याच फटक्यात बसली. अल्नाचा (कोपर ते मनगट दोन हाडं असतात, त्यांतलं करंगळीकडचं) पान्यासारखा जबडा आणि त्यात फिरणारी दंडाच्या हाडाची चकरी, सागात कोरलेलं माझं आजवरचं सगळ्यात देखणं काम. आणि मग आला खुंटीचा सांधा, ज्यात एक हाड दुसऱ्याला धरून फिरतं आणि तळहात उलटा-सुलटा होतो. पुस्तकांत याला अर्धी ओळ मिळते, माझे मात्र पाच आठवडे खाल्ले. पालथ्या घड्यावर पाणी म्हणतात, इथे हातच पालथा होईना.

पहिली चूक कबूल करून टाकतो. मनगटाच्या ठोकळ्यात मी रेडियस (अंगठ्याकडचं हाड) आणि अल्ना दोन्ही खिळवून ठेवली होती. मग फिरणार काय, कपाळ? एका संध्याकाळी वीज गेली, हातात पटाशी धरण्यात अर्थ नव्हता, तेव्हा अंधारात स्वतःचंच मनगट चाचपत बसलो. तुम्हीही करून बघा. कोपर काटकोनात वाकवून बरगडीला टेकवा (सरळ हाताने केलंत तर खांदा मधे लुडबुडतो आणि सगळं श्रेय स्वतः घेतो). करंगळीच्या बाजूचं मनगटाचं टेंगूळ दुसऱ्या हाताने धरा आणि तळहात उलटा-सुलटा करा. टेंगळाकडची अल्ना जवळजवळ जागची हलत नाही, अंगठ्याकडची रेडियस तिच्याभोवती फिरून पलीकडे जाते. पंजा रेडियसला जोडलेला आहे, अल्ना मनगटाशी नुसती शेजारीण. कोपराशी अल्ना मालकीण, मनगटाशी रेडियस. म्हणजे फिरण्याचा आस कोपराजवळ रेडियसच्या डोक्यातून निघतो आणि तिरका जाऊन मनगटाशी अल्नाच्या टोकातून बाहेर पडतो. मी तो बावळटासारखा रेडियसच्या पोटातून सरळ काढला होता.

ठोकळा अल्नापासून सोडवला, आस तिरका केला. हात ३० अंश फिरला आणि टक्! रेडियस अल्नावर आपटली.

इथून खरा छळ सुरू झाला. मला वाटलं जाडी नडतेय. १२ मिमीची काठी कानसून ९ वर आणली. ४५ अंश मिळाले, आणि पुढच्या रविवारी ती काठी मोडली. मग वाटलं अंतर कमी पडतंय, म्हणून हाडं लांब सरकवली, तर कोपर बैलाच्या मानेएवढं जाड दिसायला लागलं. शेवटी ओळखीतल्या एका हाडांच्या डॉक्टर ताईंना फोटो पाठवला. त्यांचा उलट फोनच आला, हसत हसत. "अरे, रेडियस सरळसोट कुठून आणलीस? बाक कुठाय तिचा?"

बाक! रेडियस बाहेरच्या अंगाला धनुष्यासारखी हलकीशी वाकलेली असते, आणि त्या वाकामुळेच ती अल्नावरून न आपटता ओलांडून जाते. ताई म्हणाल्या, हाताची ही हाडं मोडली की धातूची पट्टी बसवताना त्या हा बाक जपायला बघतात, नाहीतर हाड जुळतं पण माणसाला हात नीट पालथा करता येत नाही. माझ्या लाकडी माणसाचं जन्मतःच तसं झालं होतं.

आता वाकलेलं हाड करायचं कसं? वेत वाफवून वाकवला, दोन दिवसांत निम्मा सरळ झाला. सागाच्या फळीतून वाकडा तुकडा कापला तर वाकापाशी रेषा आडव्या येतात आणि तिथेच कडकन मोडतो (दोन मोडले, तिसरा कापलाच नाही). शेवटी बांबूच्या ३ मिमीच्या चार पट्ट्या, मधे फेविकॉल, साच्यावर क्लॅम्पने आवळून पूर्ण एक दिवस. बाक १५ मिमी, मध्यापासून थोडा मनगटाकडे. हे हाड मी खिडकीवर आपटून पाहिलं. खिडकीला खरचटलं.

उरली कोपराजवळची कडी, जी रेडियसचं डोकं धरून ठेवते. एका ऑनलाइन दुकानातून बेअरिंग मागवलं होतं. ८ चं म्हणून आलेलं साडेसात निघालं, आणि परत घेताना त्यांनी जो छळ मांडला त्यावर वेगळी नोंद होईल. पुण्यातल्या बोहरी आळीच्या हार्डवेअर बाजारात जा, हातात घेऊन बघा, माप लावा, मग पैसे द्या. तिथून पडद्याची पितळी कडी आणली, पण ती एका कोनाला आवळते, दुसऱ्याला खुळखुळते, कारण रेडियसचं डोकं नेमकं गोल नाही, किंचित लांबट आहे आणि मी ते इमानदारीने तसंच कोरलं होतं. शरीरात या कडीचा साधारण चार पंचमांश भाग चिवट बंधाचा असतो आणि उरलेला अल्नाच्या खाचेचा. तसंच केलं. चपलेच्या चामड्याची वादी, मेण लावून, अल्नाला दोन्हीकडून टाचली. लोण्यासारखं फिरलं.

सोमवारी भाचीने पंजा धरून झटका दिला आणि रेडियस वादीतून सटकली. मी वैतागण्याऐवजी खूश झालो. लहान मुलांना एका हाताने झटकन उचललं की नेमकं हेच होतं! (म्हणून उचलू नका.) वादी एक भोक आवळली.

शाळेच्या कोनमापकाने मोजलं. उताणा ७५, पालथा ७०. खऱ्या हाताचे दोन्हीकडे सुमारे ८०. मला चालतंय.

आता या महिन्यात अंगठ्याचा खोगिरी सांधा घ्यायचा ठरला होता. पण हे लिहिता लिहिता डोक्यात एक किडा शिरला. कोपर वाकवायला आणि हात उताणा करायला मी दोन वेगळ्या दोऱ्या लावल्यात. बायसेप्स (दंडाचा पुढचा स्नायू) मात्र ही दोन्ही कामं एकटा करतो. तो रेडियसच्या आतल्या अंगाच्या उंचवट्याला चिकटलेला असतो, हात पालथा असताना त्याची दोरी हाडाभोवती गुंडाळली जाते, आणि ओढली की उलगडताना हात उताणा होतो. उजव्या हाताने स्क्रू आवळताना दंड फुगतो तो त्याचमुळे. म्हणजे एक दोरी वाचते! पण कोपरही वाकेल, तेव्हा मागून ट्रायसेप्सच्या (दंडाचा मागचा स्नायू) दोरीने धरून ठेवावं लागेल. अंगठा थांबेल.

अडचण एवढीच की गळाची तंगूस बांबूला चरा पाडते. तूर्तास रिफिलच्या रिकाम्या नळीचा तुकडा उंचवट्यावर चिकटवून बघतोय. कोणाकडे याहून गुळगुळीत काही असेल तर शनिवारच्या आत सांगा, फेविकॉल उघडण्याआधी.