तुम्ही विचारलंत म्हणून: बेसमेंटमधलं ते झाड

प्रश्न बहुतेक वेळा मंडळाच्या कार्यक्रमात येतो. जेवणाच्या रांगेत, आवाज खाली आणून. "अगं, तू म्हणे घरात गांजाचं झाड लावतेस? आणि ते आपोआप फुलतं म्हणे, म्हणजे काही करावंच लागत नाही ना?" विचारणाऱ्या मावशींच्या चेहऱ्यावर अर्धी काळजी असते आणि अर्धी उत्सुकता. त्यामागोमाग एखादे काका येतात, त्यांचा प्रश्न वेगळा असतो. त्याच्याकडे शेवटी येते.

तर हो, लावते. कॅनडात, टोरांटोजवळच्या मिसिसॉगात राहते, आणि इथे ते कायद्यात बसतं. १७ ऑक्टोबर २०१८ पासून कॅनडात सज्ञान माणसाला घरी चार झाडं लावता येतात. चार झाडं घरटी, माणशी नव्हे. नवरा-बायको आणि दोन मोठी मुलं म्हणून सोळा लावली तर तो सरळ गुन्हा. आमच्या ओंटारिओ प्रांतात वय एकोणीस पूर्ण हवं. शेजारच्या क्वेबेक प्रांतानं घरी लावायला बंदी घातली आणि २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं ती उचलून धरली, त्यामुळे माँट्रियलच्या मैत्रिणीनं माझं ऐकून काही करू नये. भाड्याच्या घरात घरमालकाचा करार बघा, काँडोत सोसायटीचे नियम बघा. आणि एक गंमत: फुलावर आलेलं झाड सार्वजनिक जागी बाळगणं हा गुन्हा आहे. म्हणजे ऐन फुलोऱ्यात घर बदलायची वेळ आली, तर झाड कुशीत घेऊन रस्त्यावरून चालता यायचं नाही.

आता "आपोआप" कडे येते, कारण गैरसमज तिथेच आहे.

गांजाची नेहमीची झाडं रात्र मोजतात. रात्र लांबत चालली की त्यांना कळतं, आता हिवाळा येणार, फुलायला हवं. शेवंतीचंही असंच आहे. म्हणून शेवंतीवाले शेतकरी फुलं लांबवायची असली की रात्री शेतात दिवे लावतात, झाडाला वाटतं रात्र अजून छोटीच आहे. टोरांटोच्या आसपास जूनमध्ये दिवस साडेपंधरा तासांचा असतो आणि डिसेंबरात जेमतेम नऊ तासांचा. माझ्या माहेरी चिपळूणला हा फरक दोन-सव्वादोन तासांचाच. इथे परसात लावलेलं नेहमीचं झाड ऑगस्टात फुलायला लागतं आणि ऑक्टोबरात तयार होतं, म्हणजे नेमकं गारठा, पाऊस आणि बुरशी एकत्र येतात तेव्हा. घरात लावलं तर ही लांब रात्र आपण तयार करायची: बारा तास उजेड, बारा तास मिट्ट काळोख, रोज, न चुकता, दोन महिने.

मी लावते ते ऑटो, म्हणजे ऑटोफ्लॉवर, आपोआप फुलणारं. ऑटो हे सगळं मोजतच नाही. ते स्वतःचं वय मोजतं. बी रुजल्यापासून तीन-चार आठवडे झाले की फुलायला लागतं, मग तुम्ही दिवा अठरा तास ठेवा नाहीतर वीस तास. कोकणातल्यांना सांगायला सोपं जातं: जुनी गरवी भातं दिवस लहान व्हायची वाट बघायची आणि हळवी आपल्या दिवसांवर निसवायची, तसं हे हळवं. बहुतेक वाणं आठ ते बारा आठवड्यांत बीपासून कापणीपर्यंत पोचतात.

हा गुण आला उत्तरेकडून. १९२४ मध्ये यानिशेव्हस्की नावाच्या रशियन वनस्पतिशास्त्रज्ञानं व्होल्गेच्या बाजूच्या रानटी गांजाचं वर्णन करून त्याला रुडेरालिस म्हटलं. बुटकं, काटक, पडीक जमिनीत उगवणारं, आणि नशा जवळजवळ नसलेलं. त्याला स्वतंत्र जात मानायचं की नेहमीच्या गांजाचा, म्हणजे सॅटिव्हाचाच, एक प्रकार, यावर अभ्यासकांचं अजून एकमत नाही. पण तिकडे उन्हाळा इतका छोटा की रात्र लांबायची वाट बघणाऱ्याचं बी पिकायच्या आधीच बर्फ पडणार. वाट न बघणारी टिकली. पुढे २००० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत लोरायडर नावाचं वाण बाजारात आलं आणि हौशी लोकांना ऑटो माहीत झालं. सुरुवातीची ऑटो झाडं बुटकी आणि मिळमिळीत होती म्हणतात. आताची तशी नाहीत. हा गुण दबून राहणारा आहे, आईबाप दोघांकडून आला तरच दिसतो. त्यामुळे नेहमीच्या झाडाशी एकदा संकर केला की पहिल्या पिढीत तो गायब होतो, आणि पैदास करणाऱ्यांना पिढ्यानपिढ्या निवड करत बसावं लागलं.

मी ऑटो का निवडलं? कपडे धुण्यामुळे.

हसू नका. आमचं वॉशिंग मशीन बेसमेंटमध्ये आहे, इथल्या बहुतेक घरांत असतं तसं. नेहमीच्या झाडाला बारा तासांचा काळोख म्हणजे खरोखरचा काळोख लागतो. मध्येच कुणी दिवा लावला, झाड ज्यात वाढतं त्या कापडी तंबूची चेन अर्धवट उघडी राहिली, तर झाड गोंधळतं. सारखं व्हायला लागलं तर मादी झाडावर नराची फुलं येऊ शकतात, आणि मग सगळीकडे बियाच बिया. रात्री अकरा वाजता कपडे ड्रायरमध्ये टाकायला जाणाऱ्या नवऱ्याला मी किती दिवस अडवणार? ऑटोला त्याचं काही नाही. शिवाय उंची कंबरेच्या आसपासच राहते, आणि आमच्या बेसमेंटचं छत काही देवळाचं नाही.

पण ज्याला तुम्ही सोय म्हणता तीच अडचण आहे. नेहमीच्या झाडाचं काही बिघडलं, तर दिवा अठरा तासांवर ठेवून त्याला फुलण्यापासून रोखता येतं. महिनाभर वाढू द्या, तब्येत सुधारू द्या, मग रात्र लांबवा. ऑटोकडे हा महिना नसतो. तिसऱ्या आठवड्यात मुळं कुजली, खत जास्त झालं, पानं करपली, तरी चौथ्या आठवड्यात ते फुलणारच. वीतभर उंचीवर, चार पानांवर, पण फुलणार. त्याची फांदी कापून नवं झाडही करता येत नाही, कारण फांदीचं वय झाडाइतकंच असतं. तीही लगेच फुलून मोकळी होते. प्रत्येक वेळी नवं बी, आणि नवा चार आठवड्यांचा हिशेब.

म्हणून माझं सगळं लक्ष या पहिल्या महिन्यावर असतं, आणि त्यातलं बरंचसं काम हात मागे ठेवण्याचं आहे. बी थेट शेवटच्या कुंडीतच लावते, बारा-पंधरा लिटरच्या कापडी कुंडीत. पुनर्लावणी करायची नाही, कारण मुळं दुखावली की आठवडा जातो आणि इथे आठवडा म्हणजे पाव बालपण. माती हलकी हवी: पीट, पर्लाइट, थोडं गांडूळखत. फार खतावलेली माती रोपाला पेलत नाही. सुरुवातीला पाणी कुंडीभर घालायचं नाही, रोपाभोवती वाटीभर पुरतं. आपल्याकडे झाडावर प्रेम म्हणजे पाणी असं समीकरण आहे, आणि या झाडाला मारायचा तोच सर्वांत सोपा मार्ग आहे. कुंडी उचलून बघायची, हलकी लागली तरच पाणी. शेंडा खुडायचा मोह होतो, तुळशीच्या मंजिऱ्या खुडणाऱ्या हाताला तर फारच. मी खुडत नाही. त्याऐवजी खोड कोवळं असतानाच मऊ तारेनं हळूच आडवं बांधते, म्हणजे बाजूच्या फांद्यांना उजेड मिळतो आणि झाडाला जखम होत नाही.

बाकीचं सामान साधं आहे. छोटा तंबू, शंभर वॉटचा एलईडी, टायमर, एक पंखा, आणि वास शोषायला कोळशाचा फिल्टर. फिल्टरवर कंजुषी करू नका. फुलोऱ्यात वास असा सुटतो की शेजारच्यांना सांगावं लागत नाही. त्या वासातला मायरसीन नावाचा घटक आंब्यातही असतो, पण आंब्याच्या वासानं कुणी तक्रार करत नाही. हिवाळ्यात घर तापवायचा फर्नेस चालू असला की घरातली हवा इतकी कोरडी होते की कोवळ्या रोपाची पानं वळतात, तेव्हा ह्युमिडिफायर लावावा लागतो. फुलं भरल्यावर उलट: ओल जास्त झाली की घट्ट फुलाच्या पोटात राखाडी बुरशी धरते आणि वरून काही दिसत नाही. चिलटं होतात, ती पाणी कमी केल्यावर जातात. तंबूला कुलूप आहे. घरात शाळकरी मूल असेल तर या बाबतीत चर्चा नको.

दिवा दुपारी चार ते रात्री दहा बंद ठेवते. झाडासाठी नाही, बिलासाठी. आमच्या विजेच्या योजनेत आठवड्याच्या दिवशी चार ते नऊ हा सर्वांत महाग वेळ आहे आणि रात्री अकरानंतर सर्वांत स्वस्त. शंभर वॉट, अठरा तास, म्हणजे रोजचे १.८ युनिट, ऐंशी दिवसांचं झाड धरलं तर दिव्याचे दीडशे युनिटही होत नाहीत.

नर-मादीचा प्रश्न आता जवळजवळ उरलेला नाही, पण मला त्याची गोष्ट आवडते. गांजा म्हणजे मादीचा फुलोरा, आणि नराचा पराग लागला की त्यात बिया धरतात. १८९३-९४ मध्ये ब्रिटिशांनी नेमलेल्या इंडियन हेम्प ड्रग्ज कमिशनच्या अहवालात बंगालच्या नौगावचं वर्णन आहे. आता ते बांगलादेशात येतं. तिथे पोद्दार नावाची जाणकार माणसं शेतात फिरून, फुलं उमलायच्या आधी, नर झाडं ओळखून काढून टाकत. साहेबांनी त्यांना गांजा डॉक्टर म्हटलं. आज बी विकणारे चांदीच्या क्षाराचा फवारा मारून मादीलाच परागाची फुलं आणायला लावतात, आणि त्या परागापासून झालेल्या बिया जवळजवळ सगळ्या मादी निघतात. पोद्दाराची नजर पाकिटात आली. तरी चौथ्या-पाचव्या आठवड्यात मी बॅटरी घेऊन पेरांपाशी बघतेच.

काढणी कधी करायची हे पाकिटावरच्या आठवड्यांवर ठरवू नये. फुलावरच्या चिकट कणांना ट्रायकोम म्हणतात. ते भिंगातून आधी काचेसारखे दिसतात, मग दुधाळ होतात, मग काही तांबूस. बहुतेक दुधाळ झाले की काढायचं. आणि खरा कस त्यानंतर लागतो. अंधाऱ्या, थंड जागी आठवडा ते दोन आठवडे टांगून वाळवायचं, हवेत ओल साठ टक्क्यांच्या आसपास ठेवून. घाईनं वाळवलं तर सुक्या गवताचा वास येतो. लोक अडीच महिने जपतात आणि शेवटच्या पाच दिवसांत ओव्हनजवळ ठेवून मोकळे होतात, हे मला कधी कळलेलं नाही.

पैसे वाचतात का, असंही विचारतात. आमच्या मिसिसॉगात २०२३ पर्यंत गांजाच्या दुकानांना परवानगीच नव्हती. आता आहेत, आणि माल स्वस्तही आहे. तंबू, दिवा, फिल्टरचा खर्च धरला तर एकेक झाड लावणाऱ्या माझ्यासारखीनं बचतीच्या गोष्टी करू नयेत. बरं, मी स्वतः क्वचितच घेते, नवरा कधीतरी शनिवारी. उरलेलं ओळखीच्या सज्ञान माणसांना देता येतं, एका वेळी तीस ग्रॅमपर्यंत, फुकट. विकता येत नाही. मला बघायचं असतं ते हे, की झाड उजेडाकडे न बघता आपलं वय कसं ओळखतं. जमिनीतून वर आल्यावर पंचविसाव्या दिवसाच्या सुमारास मादी फुलाचे पांढरे दोन केस पेरातून डोकावतात, बाहेर बर्फ असो की जून.

आता काकांचा प्रश्न. "दोन बिया दे ना, डिसेंबरात गावी जातोय. आपल्याकडे तर काय, ऊन भरपूर."

नाही. कॅनडाच्या कायद्यात रुजू शकणारं बी हे गांजाच धरलं जातं, एक बी म्हणजे एक ग्रॅम असा हिशेब आहे, आणि परवान्याशिवाय ते देशाबाहेर नेण्याला कमाल शिक्षा चौदा वर्षांची आहे. तुम्ही अजून पीआरवर, म्हणजे नागरिक न होता कायम रहिवासी म्हणून, असाल तर जास्त जपा: दहा वर्षं किंवा त्याहून अधिक कमाल शिक्षा असलेल्या गुन्ह्यात दोषी ठरलात, तर इथला मुक्कामच धोक्यात येतो. चारच्या जागी पाच झाडांनाही हेच लागू होऊ शकतं. भारतात १९८५ चा एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा, कायदा आहे. त्याच्या गांजाच्या व्याख्येतून नुसतं बी वगळलंय हे खरं, पण ते कुंडीत लावलं की झाली लागवड, आणि विनापरवाना लागवडीला दहा वर्षांपर्यंत सक्तमजुरी आणि एक लाखापर्यंत दंड. महाराष्ट्रात तेच, गोव्यात तेच. उत्तराखंडात परवाना मिळतो तो नशा आणणारा टीएचसी हा घटक ०.३ टक्क्यांखाली असलेल्या धाग्याच्या पिकाला, तुमच्या गॅलरीला नाही.

तेव्हा काका, झाड बघायला घरी या, काकूंनाही आणा. संध्याकाळी नको, चार ते दहा त्याचा दिवा बंद असतो.