चिखलात उतरायची जागा

प्रकल्पांच्या पर्यावरणविषयक जनसुनावणीत घोषणा होतात, माइकची ओढाओढ होते, ते सगळे बातम्यांत बघतात. माझं काम कंटाळवाणं असतं. सल्लागार कंपनीतर्फे बसायचं, लोकांचे मुद्दे टिपायचे आणि प्रत्येकासमोर प्रकल्पाचं उत्तर बसवायचं. २००६च्या ईआयए (पर्यावरणीय परिणाम मूल्यांकन) अधिसूचनेत एक तरतूद आहे, ती मला मनापासून आवडते: इतिवृत्त शेवटी उपस्थितांना त्यांच्या भाषेत वाचून दाखवायचं. कोरमची अट मात्र नाही, त्यामुळे ऐकायला बहुधा मंडपवालाच उरतो.

नवी मुंबईतल्या खाडीलगतच्या एका रस्त्याची सुनावणी होती. एक कोळीण मावशी उठल्या. ‘आमी चिखलान उतरताव ती जागा तुमचे नकाशान कुठं हाय?’ प्रकल्पाचे अभियंता म्हणाले, ‘मावशी, लेखी द्या.’ तोंडी म्हणणंही तितकंच ग्राह्य असतं, हे त्यांना ठाऊक नसावं असं मानणं कठीण आहे.

नकाशात तिवरं हिरवी, खाडी निळी. ओहोटीला उघडा पडणारा चिखल भरती आणि ओहोटी रेषेच्या मध्ये, सीआरझेड-१ब (किनारी नियमन क्षेत्राचा एक वर्ग) म्हणून आडव्या रेघांनी भरलेला. तिथे निवट्या आणि चिंबोऱ्या हाताने धरणाऱ्या बायका आमच्या सर्वेक्षणात नव्हत्या, कारण यादी मच्छिमार सोसायटीच्या होड्यांवरून केलेली. होडी नाही, परवाना नाही, म्हणजे बाधित नाही!

संध्याकाळी वाचन सुरू झालं तेव्हा मावशी बसून होत्या. ‘स्थानिक मच्छिमारांनी उपजीविकेबाबत चिंता व्यक्त केली.’

‘मी चिंता कवा केली? मी जागा इचारली.’

अपर जिल्हाधिकारी बाईंनी वाचन थांबवलं, वाक्य मावशींच्या शब्दांत बदलायला लावलं आणि मगच पुढे गेल्या. इतकी वर्षं हे काम करतोय, असं करणारे अध्यक्ष क्वचितच भेटले.

आता त्या प्रश्नासमोर उत्तर हवं होतं. अमावास्येच्या उधाणाची ओहोटी साधून किनाऱ्यावर जावं, बायकांकडूनच जागा नकाशावर लावून घ्याव्यात, असं मी सुचवलं. वरून निरोप आला, मुदत नाही. वाशीच्या तिसऱ्या खाडी पुलाच्या खटल्यात २०२१ साली उच्च न्यायालयाने मच्छिमारांचा भरपाईचा हक्क मान्य केल्यापासून एक वाक्य तयारच असतं, तेच अंतिम अहवालात छापलं: ‘भरपाई शासन धोरणानुसार देण्यात येईल.’ मावशींनी पैशांचं नावही काढलं नव्हतं.